लोखंडाचा रंग

नागो लोहाराच्या भट्टीवर घन मारायची ती त्याची बायको, रेणुकाबाई. बाहेरगावचा माणूस पहिल्यांदा आला की पदर खोचून घन उचलणाऱ्या त्या बाईकडं बघतच राहायचा. गावाला मात्र त्यात काही नवल नव्हतं. लोहाराच्या घरात नवरा सांडशीनं तापलेलं लोखंड धरतो, छोट्या हातोड्यानं जागा दाखवतो आणि बायको त्याच जागेवर घन घालते, हे चालतच आलेलं. नागोरावच्या आजीनं घातला, आईनं घातला. रेणुकाबाई नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिचा हिरवा चुडा भट्टीसमोरच खळकन फुटला होता. सासूनं तुकडे गोळा करत "वाढला, बाई" म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून हातात एकेकच बांगडी ठेवायला सांगितली.

गाव आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याजवळचं, पैनगंगेच्या अलीकडच्या अंगाचं. नदीपलीकडं महाराष्ट्र. रानात कापूस आणि ज्वारी, घरात मराठी, शाळेच्या पाटीवर तेलुगू, आणि जमिनीच्या कागदाचं काम निघालं की पटवाऱ्यासमोर अर्धं उर्दू. या भट्टीनं गाव धरून ठेवलंय, असं नागोराव म्हणायचा आणि ते खोटंही नव्हतं. त्याच्या आजाच्या काळात, निजामाच्या राज्यात, या कोपऱ्यात तयार खिळा मिळतच नव्हता. दार करायचं असो की तिफण, खिळा इथंच घडायचा. सळई तापवायची, ऐरणीवर चारी अंगांनी ठोकून टोक काढायचं, छिन्नीवर अर्धवट तोडायची, भोकाच्या जाड पट्टीत खुपसून मोडायची आणि वर उरलेलं गरम बोंड ठोकून त्याचं चपटं डोकं करायचं. एका आचेत एक खिळा. तो गोल नसायचा, चौकोनी असायचा. लाकडात शिरला की तिथंच रुतून बसायचा. पलीकडून टोक बाहेर आलं की ते वाकवून पुन्हा लाकडात ठोकायचे. असं दार पुढं कधी खोलायचं म्हटलं तर फळ्या फुटायच्या, खिळा निघायचा नाही.

बोल्टाचं काम त्याहून किचकट. आजा सळईभोवती ओला दोरा तिरपा गुंडाळायचा आणि दोऱ्याच्या रेघेवर कानस चालवून एकेक आटा कोरायचा. असा बोल्ट फक्त त्याच्याच नटाला लागायचा, दुसऱ्याला नाही. म्हणून नवराबायकोसारखी ती जोडी सुतळीनं बांधून ठेवायचे, आणि जोडीतला एक हरवला की दुसरा फुकट.

पुढं आदिलाबादच्या दुकानांत तारेच्या चुका आल्या, तागडीत तोलून मिळू लागल्या. मग पेचाचे खिळे आले, पेटीतले नटबोल्ट आले. नागोरावला त्यांचा मोठा राग. "नावच चूक हाय तिचं," म्हणायचा, "तं लाकडाले काय धरून ठेवन ते?" पण सुतार चंपतराव त्याच चुका वापरायला लागला आणि भट्टीतून खिळे निघायचे थांबले. उरलं ते विळा, खुरपं, नांगराचा फाळ, वखराचं पातं म्हणजे पास आणि बैलगाडीच्या चाकावर चढवायची लोखंडी धाव. तेवढ्यावरही भट्टी दिवसभर पेटलेली असायची.

ब्याऐंशी-त्र्याऐंशी सालातली गोष्ट. उन्हाळ्याच्या एका दुपारी नागोरावनं उत्तमराव पाटलांचा फाळ जाळला. रेणुकाबाई भात्यावर होती. लोखंड पळसाच्या फुलासारखं लाल झालं, मग हळदीसारखं पिवळं झालं, तरी हा बाहेर काढेना. बघता बघता पांढरं पडलं, फुलबाजीसारखं तडतडलं आणि फाळाचं टोक गळून निखाऱ्यात पडलं. उत्तमराव समोरच बाजेवर बसले होते.

"लोखंडच खराब हाय, पाटील," नागोराव म्हणाला. "दुसरं आना."

उत्तमराव उठून निघून गेले. रेणुकाबाईनं भाता थांबवला. दिवे लागायच्या वेळेला, भट्टीवर राख ओढताना, नागोराव आपण होऊन म्हणाला, "रेणुका, मले लाल दिसत नाई."

"म्हंजे?"

"भट्टीत पाह्यतो तं नुसतं धुकं हाय. लोखंड कोणतं अन् कोळसा कोणता, समजत नाई. लय दिस झाले. आता उजेडात बी तसंच होऊन राह्यलं."

तिनं कंदील त्याच्या तोंडाशी धरला. दोन्ही बुबुळांवर दुधाच्या सायीसारखा पडदा आला होता. रोज त्या तोंडाकडं बघून आपल्याला तो कसा दिसला नाही, याचंच तिला वाईट वाटलं.

"आदिलाबादले दाखवू ना. मोतीबिंदू असन. कापून काढते म्हणते डॉक्टर."

"डोळ्याले हात लावू देणार नाई मी कोणाले," तो एवढ्या जोरात बोलला की कोपऱ्यातलं कुत्रं उठून गेलं.

त्याचं कारण तिला माहीत होतं. त्याच्या बापाचे, दादाजीचे, डोळे असेच गेले होते. जत्रेत एक सुईवाला आला होता. त्यानं डोळ्यात सुई घालून पडदा खाली ढकलला. दादाजीला काही दिवस दिसलं, मग डोळे पिकले आणि कायमचे गेले. ज्या माणसाच्या हातचा फाळ नेण्यासाठी लोक नदी उतरून यायचे, तो पुढं भात्याजवळच्या कोपऱ्यात बसून राहिला. लोक त्याच्या डोक्यावरून बोलायचे. 'दादाजी' हे नाव जाऊन 'आंधळा' एवढंच उरलं. नागोराव तेव्हा लहान होता आणि सगळं बघत होता.

"इकडे ये," तो म्हणाला. "ऐरणीवर हात ठेव. कोणाले सांगणार नाई, म्हन. आपल्या पोरीले, कुसुमले बी नाई."

ऐरण अजून कोमट होती. तिनं हात ठेवला आणि शब्द दिला. त्या घरात ऐरणीवरची आण म्हणजे देवळातल्या आणेपेक्षा मोठी.

दुसऱ्या दिवसापासून रेणुकाबाई त्याचे डोळे झाली. एकटे असताना ती सरळ सांगायची, "कुंकवावानी झालं, अजून थांबा… आता पळसावर आलं… काढा." विळ्याला पाणी द्यायचं असलं की त्याहून बारीक काम. तापवलेल्या पात्याच्या धारेवर पिवळी सावली सरकत येते, तिच्या मागून जांभळी. पिवळी धारेला टेकली की त्याच क्षणी पाण्यात, नाहीतर विळा मऊ पडतो. ती "हां" म्हणायची आणि त्याचा हात पाण्यात जायचा. पण भट्टीवर माणसं बसलेली असायची, त्यांच्यासमोर असं बोलून कसं चालेल? मग त्यांनी खूण ठरवली. रेणुकाबाई खोकली की लोखंड काढायचं. तिनं भात्याची साखळी वाजवली की थांबायचं. घन कुठं घालायचा ते आता त्याचा हातोडा दाखवायचा तेवढं दाखवायचा, बाकी ती स्वतःच पाहून घालायची.

काम बिघडलं नाही. उलट लोक म्हणू लागले, नागोभाऊचा हात या वयात आणखी बसलाय. नागोराव मिशीला हात लावायचा. रेणुकाबाईला आधी गंमत वाटली, मग सवय झाली, आणि मग एक दिवस तिच्या लक्षात आलं की आपल्याला कुठं जाताच येत नाही.

नदीवर धुणं घेऊन गेली की मागून हाक यायची. कोणी गिऱ्हाईक दारात उभं असायचं आणि नागोराव हातात सांडशी घेऊन उगाच कोळसे उकरत, "अवं, कुठी हायस?" म्हणून ओरडायचा. धुणं टाकून ती धावत यायची. हळूहळू ती हाक ऐकू येईल तेवढ्याच टप्प्यात फिरू लागली. विहीर, शेजारच्या बयनाबाईचं अंगण, मारुतीचा पार. त्यापुढं नाही. ताप आला तरी ती भात्यावर बसली. बयनाबाई नातवाला पाटीवर पहिलं अक्षर काढायला बासरच्या सरस्वतीला घेऊन निघाली तेव्हा जीपमध्ये जागा होती.

"चाल व रेणुका, गोदावरीत डुबकी मारू. दोन दिसात वापस," बयनाबाई म्हणाली.

"भात्यावर कोण बसन?"

"गाव का मरन दोन दिस विळा नाई भेटला तं?"

रेणुकाबाई हसली आणि घनाचा दांडा ओला करायला गेली. सुकला की दांडा घनाच्या भोकात हलतो, म्हणून रोज भिजवावा लागतो. तिनं तो त्या दिवशी फार वेळ भिजवला.

नागोराव वाईट नव्हता, हीच खरी अडचण होती. मारणारा, पिणारा असता तर ती केव्हाच माहेरी जाऊन बसली असती. तो रात्री तिच्या हाताला एरंडाचं तेल चोळायचा. आंधळेपणानं चाचपडत नाही, तर प्रत्येक घट्टा त्याला ठाऊक असल्यासारखा. "माह्यासाठी लय करून राह्यली तू," म्हणायचा. आणि सकाळी पहिली चाहूल लागली की भिऊन तिला हाका मारायचा. ज्या माणसाचा राग येतो आणि ज्याची दया येते तो एकच माणूस असला म्हणजे जायचं कुठं?

अशी तीन-चार वर्षं गेली. मुलगी कुसुम वांकिडीला दिली होती. वांकिडी याच जिल्ह्यात, पण दुसऱ्या टोकाला. आदिलाबाद, उटनूर, आसिफाबाद करत गाडी पोचायला दिवस जायचा. कुसुमला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर रीतच. कुसुमच्या सासूनं, राहीबाईनं, निरोप धाडला की सातव्या महिन्यात पोरीला आणून सोडतो. नागोरावनं तो निरोप दिवसभर मनात घोळवला. संध्याकाळी म्हणाला, "इथं नको. चार महिने घरात राह्यली तं तिले समजन."

"पोटची पोर हाय आपली!"

"पोरीले समजलं की जवायाले समजन. जवायाले समजलं की गावाले."

त्यानं परस्पर निरोप पाठवला : घरात भट्टीचा धूर असतो, लेकराला सोसायचा नाही, बाळंतपण तिकडंच करा. रेणुकाबाईला ते कळलं तेव्हा ती भाकरी करत होती. चुलीवरची भाकरी करपली तरी उलथली नाही.

वैशाखात बाजाराच्या दिवशी वांकिडीकडचा एक माणूस भट्टीवर आला. कुसुमला मुलगी झाली होती. लेकरू बरं होतं, पण कुसुमचा ताप हटत नव्हता. "बाई तापात मायले बोलावून राह्यली," तो म्हणाला आणि पाणी पिऊन निघून गेला.

रेणुकाबाईनं लगेच पिशवी काढली. डिंकाचे लाडू करायला वेळ नव्हता. खारका, जुनी मऊ लुगडी आणि थोडा बाळंतशेपा बांधला. वळून बघते तर नागोराव उंबऱ्यावर बसलेला. दोन्ही हात चौकटीच्या दोन्ही अंगांना लावून.

"मी येतो जाऊन," ती म्हणाली.

"पेरणी तोंडावर हाय. साऱ्या गावाचे फाळ, पासा येऊन पडल्या."

"पडू द्या."

"उत्तमरावच्या गाडीची धाव चढवायची हाय. चंपतरावनं चाक तयार केलं." त्याचा आवाज बदलला. "रेणुका, तू गेली की मी त्या कोपऱ्यात जाऊन बसतो. बाबासारखा. तुले तसंच पायजे असन तं जाय. ओलांड मले."

त्याला ओलांडून जाणं काही अवघड नव्हतं. तो बसलेला होता, ती उभी होती. पण नवऱ्याला ओलांडायचं म्हणजे काय, ते तिच्या पायांना तिच्याआधी समजलं. तिनं पिशवी खुंटीला टांगली. त्या पिशवीकडं पाठ करून ती झोपली, आणि सकाळी उठून भात्यावर बसली.

धाव चढवायचा दिवस उजाडला. खरं तर गावात आता रबरी टायरच्या गाड्या येत होत्या. लोखंडी धावेची ही बहुधा शेवटचीच जोडी, असं चंपतराव म्हणत होता. पण उत्तमरावांना जुनी गाडी मोडवत नव्हती. चंपतरावनं बाभळीचं चाक असं बसवलं होतं की त्यात एकही खिळा नव्हता. आरे मधल्या तुंब्यात ठोकलेले, बाहेरच्या घेराचे पुठ्ठे आऱ्यांवर बसवलेले, आणि सगळं सुटं सुटं हलणारं. ते आवळून धरायचं काम धावेचं. धाव चाकापेक्षा थोडी लहान घडवतात. आचेत फुगली की चाकावर चढते, आणि पाणी पडलं की आकसून लाकडाला असं करकचून धरते की चाक ओरडतं.

हे काम विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत, बाप्यांचं. बाईनं जवळ यायचं नाही, अशी रीत. नागोराव त्या दिवशी खुशीत होता. "धावेले तुह्या खोकल्याची गरज नाई," तो म्हणाला होता. "भर उन्हात लोखंडाचा रंग डोळेवाल्याले बी दिसत नाई. काडी टेकवायची, धूर निघाला की झालं. वास तं मले येतेच."

गोवऱ्यांचा मोठा गोल जाळ लागला. रेणुकाबाई दूर लिंबाखाली बयनाबाईसोबत उभी राहिली. नागोरावनं तुऱ्हाटीची काडी धावेला टेकवली, नाक पुढं केलं आणि हात वर केला. माणसांनी लांब सांडश्यांनी जळती धाव उचलली. आतापर्यंत सारं ठीक होतं. आता त्यानं चाकाजवळ उभं राहून ती कुठं टेकवायची ते दाखवायचं होतं. तो पायानं चाचपत चाकाच्या दुसऱ्या अंगाला गेला. पुठ्ठा कुठं संपतो ते कळावं म्हणून एक पाय त्यावर ठेवला. धाव धरणाऱ्यांच्या डोळ्यांत धूर गेला होता, त्यांनी माना फिरवल्या होत्या. धाव खाली येत होती ती थेट त्या पायावर.

रेणुकाबाईला वाटलं, कोणीतरी ओरडेल. चंपतराव ओरडेल. कोणीच ओरडलं नाही. तिच्या घशात आला तो फक्त खोकला, कित्येक वर्षांच्या सवयीचा, आणि त्या गलक्यात तो कोणाला ऐकू गेला नाही.

मग ती धावली. "थांबा! पाय काढा! त्याईले दिसत नाई! दिसत नाई त्याईले!"

तिनं त्याचा दंड धरून असा हिसडा दिला की दोघंही मागं चिखलात पडले. धाव चाकावर तिरपी पडली. एका अंगानं लाकूड भडकलं. चंपतराव "पाणी! पाणी!" करत सुटला, कोणी घागरी ओतल्या, कोणी घन घालून धाव सरळ केली. वाफेचा मोठा लोट उठला, चाक कण्हल्यासारखं वाजलं आणि आवळलं. एक पुठ्ठा काळा पडला होता, पण चाक वाचलं.

वाफ विरली तेव्हा सगळे त्या दोघांकडं बघत होते. नागोराव चिखलात बसून होता. "आण मोडली तिनं," तो कोणाकडंच न बघता म्हणाला.

चंपतराव त्याच्याजवळ उकिडवा बसला. खांद्यावर हात ठेवून, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाला, "नागोभाऊ, आमाले मालूम हाय."

"काय मालूम हाय?"

"तुले दिसत नाई ते. साऱ्या गावाले मालूम हाय. पाटलाचा फाळ जाळला होता ना तू, तवापासून. वयनी खोकलली की तू लोखंड काढते, हे लेकराईले बी मालूम हाय. आमी बोललो नाई. तुहा मान राह्यला पायजे म्हणून."

उत्तमरावांनी मान हलवली. लिंबाखाली बयनाबाईनं पदर तोंडाला लावला.

रेणुकाबाई उठून उभी राहिली. लुगड्याला चिखल, हाताला खरचटलेलं. तिनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. "तवापासून?" ती म्हणाली. "तवापासून मालूम होतं?"

"हो, वयनी."

"अन् माह्यासंग कोणी बोललं नाई."

चंपतरावनं खाली बघितलं. त्याला वाटलं होतं, बाईचा जीव हलका होईल. पण झालं उलटंच. ज्या गुपितासाठी तिनं लेकीचं बाळंतपण माहेरी होऊ दिलं नाही, ते गुपित कधी नव्हतंच. दाराला कडी नव्हती आणि ती आत बसून होती. नागोरावचा मान सगळ्यांनी मिळून सांभाळला होता. तिचं काय झालं, ते कोणी विचारलंही नव्हतं, आणि तिनंही नाही.

ती घरी गेली, हातपाय धुतले, लुगडं बदललं आणि खुंटीची पिशवी काढली. नागोराव भिंत धरत मागून आला. या वेळी तो उंबऱ्यावर बसला नाही. बाहेरच उभा राहिला.

"कधी येशील?" त्यानं विचारलं.

"मालूम नाई."

"भाकर?"

"बयनाबाई देईन. आता लपवायचं काय राह्यलं?"

तिनं बेल्याहून आदिलाबादची लाल गाडी पकडली. मुक्काम बसस्टँडवर बायांच्या घोळक्यात केला आणि दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना वांकिडीला पोचली. कुसुमचा ताप उतरला होता, पण पोरगी वाळून काडी झाली होती. मांडीवर लेकरू. आईला बघून ती उठली नाही.

"आता काऊन आली?" कुसुम म्हणाली. "धूर कमी झाला का तिकडचा?"

राहीबाई चुलीमागं गेली. रेणुकाबाई खाली बसली आणि सगळं सांगितलं. फाळ, आण, खोकला, उंबरा. कुसुम ऐकत राहिली. रडली नाही. शेवटी म्हणाली, "बाबाचं समजलं मले. तुहं नाई समजलं. तू मले सांगितलं असतं तं मी तुह्याजवळ येऊन खोकलली असती. तू मले घरातलं समजलीच नाई."

रेणुकाबाईनं लेकरू मांडीवर घेतलं आणि बाळंतशेपा भाजायला मागितला.

ती तिथं राहिली. कुसुम विहिरीवर जाण्याजोगी होईपर्यंत, असं म्हणता म्हणता पाऊस लागला. गावाकडून माणसं येत, सांगत, भट्टी बंद आहे, लोक बेल्याहून तयार पासा आणून राहिले. तिला वाटायचं जावं, पण पाय निघत नव्हता. आणि गंमत अशी, की राहण्याचीही मोकळीक तिला जमत नव्हती. भांडी घासताना ती मधेच मान वर करायची.

"काय झालं व?" राहीबाई विचारायची.

"कोणी हाक मारली काय?"

"कोणी नाई, बाई."

राहीबाई बाजारात चल म्हणाली की ती वेशीपर्यंत जायची आणि तिथून मागं फिरायची. हाक जिथपर्यंत पोचेल तो टप्पा तिच्या अंगात रुतला होता. लेकराला खोकला झाला तर तिचा हात आपोआप काहीतरी आगीतून काढायला पुढं व्हायचा. कुसुमनं ते एकदा बघितलं. त्या दिवसापासून ती आईशी जरा मऊ बोलू लागली.

कापूस फुटायच्या दिवसांत एका सकाळी अंगणात दोन माणसं उभी राहिली. एक चंपतराव. दुसऱ्याच्या डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा, त्यात डोळे बैलासारखे मोठे दिसत होते. तिनं आधी ओळखलंच नाही.

"आदिलाबादले नेलं मी त्याले," चंपतराव म्हणाला. "तू गेल्यावर त्यानं कोपऱ्यातलं बसणं करून पाह्यलं. नाई जमलं. मंग मलेच म्हणे, चाल. डोळ्यावर पट्ट्या बांधून निजवलं होतं, वयनी, तवा लेकरावानी माहा हात धरून राह्यला."

नागोराव तिच्याकडं बघत होता. मग म्हणाला, "तू लय म्हातारी झाली व."

"तुमी बी."

"मले कोणी सांगितलंच नाई."

कुसुम दारात आली. त्यानं चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि लेकराला घेण्यासाठी हात पुढं केले. कुसुमनं जरा वेळ लावला, पण दिलं.

दुपारी तो एकटाच बाजारात फिरून आला. येताना मूठभर तारेच्या चुका घेऊन आला आणि ओसरीवर पसरून एकेक डोळ्याशी धरत बसला. "सारख्या हायत," तो म्हणाला. "एकीले दुसरीपासून ओळखू येत नाई. कोणी केल्या, कोणाची बाई घन मारत होती, काईच समजत नाई." मग थोड्या वेळानं, "बरंच हाय म्हणा."

जेवणं झाली. तो म्हणाला, "सकाळच्या गाडीनं निघू. भट्टी थंडी पडली."

"तुमी निघा," रेणुकाबाई म्हणाली. "मी येतो मागून. मले यायचं वाटलं की."

कुसुमच्या हातातलं भांडं थांबलं. नागोरावनं चष्म्यातून तिच्याकडं बघितलं आणि होकारार्थी मान हलवली. सकाळी तो चंपतरावसोबत गेला. ती संक्रांतीच्या आधी गावी परतली.

भट्टी पुन्हा पेटली, पण पूर्वीसारखी नाही. विळे आणि खुरपी निघायची, कारण बाजारच्या विळ्याला पहिल्या कापणीनंतर धार राहत नाही, असं बाया म्हणायच्या. घन कधी ती मारायची, कधी नागोराव पलीकडच्या गावचा भाडोत्री गडी लावायचा. लाल रंग त्याला आता दिसत होता, आणि तिनं सांगायची गरज नव्हती. तरी ती सांगायची कधी कधी, आणि तो ऐकायचा. गाडीची धाव पुन्हा कोणी चढवली नाही. नव्वद सालापर्यंत गावातल्या सगळ्या गाड्या रबरावर गेल्या.

रेणुकाबाई परत आली त्याच वर्षी पोळ्याला वांकिडीला गेली. दिवाळीला गेली. बयनाबाईबरोबर बासरला जाऊन गोदावरीत डुबकी मारून आली आणि पाणी फार थंड होतं म्हणून दोन दिवस शिंकत बसली. आणि माघात एकदा काहीच कारण नसताना, सण नाही, आजार नाही, निरोप नाही, तिनं पिशवी उचलली आणि गाडी पकडली. नागोरावनं अंगणातून विचारलं, "कुठी चालली?"

"पाह्यतो," ती म्हणाली. गाडी उटनूरच्या घाटात शिरली तेव्हा शेजारच्या बाईनं तिला विचारलं, कुठं उतरायचं? रेणुकाबाईनं वांकिडीचं तिकीट हातात धरलं होतं, पण कुठं उतरायचं ते तिला अजून ठरवायचं होतं.